बाहेरून पांघरलेली भिंत

सकाळी डबे भरत होते तेव्हा इक्बालभाईंचा फोन आला. एरवी ते आधी सगळ्यांची नावं घेऊन विचारपूस करतात, रियाधला थंडी पडली का ते विचारतात, मग मुद्द्याचं बोलतात. त्या दिवशी नुसतं म्हणाले, "सिस्टर, आपली रझिया गेली." मी गॅस बंद केला. तेच पुढे म्हणाले, "काल असरच्या नमाजानंतर गिलाव्याच्या मिस्त्रीशी फोनवर भांडली. जाळी नीट दाबून बसव, नायतर पहिल्याच थंडीत तडा जाईल म्हणाली. मग थकली, पडून राहिली… सकाळी उठवायला गेलो तर…" स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं उन्हाळ्यापासून त्यांना पोखरलं होतं. मी नर्स आहे, हा फोन येणार हे मला ठाऊक होतं. तरी त्या शेवटच्या संध्याकाळीही त्या कुणाशी तरी भिंतीवरून भांडल्या, हे ऐकलं आणि मला रडू यायच्या आधी हसू आलं.

रझियाभाभी मूळच्या दाभोळ खाडीकाठच्या. लग्न होऊन इक्बालभाईंबरोबर सौदीत आल्या, त्या थेट उत्तरेला, तबूकला. इक्बालभाईंचं तिथे विजेच्या सामानाचं छोटं दुकान. मला तिथल्या सरकारी इस्पितळात नोकरी लागली आणि माझा नवरा सुहास त्याच इस्पितळाच्या देखभाल विभागात इंजिनियर म्हणून लागला, तेव्हा आम्हाला भाड्यानं मिळालं ते भाभींच्या खालचं घर. सौदी म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे ऊन येतं. आम्हीही साताऱ्याहून निघताना स्वेटर कपाटातच ठेवून आलो होतो. तबूकनं पहिल्याच जानेवारीत आमचे डोळे उघडले. पहाटे बाहेर ठेवलेल्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा धरायचा. घर जुनं, पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यांचं, वरून नुसता गिलावा. हिटर दिवसभर लावला तरी हवा तेवढी तापायची आणि भिंतीशेजारी बसलं की पाठ गारठायची. कपाट भिंतीपासून ओढलं तर मागे काळी बुरशी. गाद्यांना ओलसर वास. मी रडकुंडीला आले होते, तेव्हा जिन्यावरून एक बाई हातात जाड गोधडी घेऊन उतरल्या आणि नाव-गाव विचारायच्या आधी म्हणाल्या, "ही घे. आणि पलंग त्या भिंतीपासून लांब कर बघू. तुला कुणी सांगितला नाय?" पुढच्या पाच मिनिटांत आम्ही दोघींनी मिळून पलंग ओढला होता. ओळख त्यानंतर झाली.

भाभी घरी शिवणकाम करायच्या. ओळखीच्या घरांतले पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश, मैत्रिणींचे अबाये. आवाज मोठा, चाल झपाझप, आणि कुठलीही गोष्ट अर्धी सोडायची नाही. इक्बालभाई म्हणायचे, "हिला एकदा धागा सापडला की सगळा कपडा उसवून बघते." त्यांना एक मुलगी, सना, तेव्हा सहावीत. भाभी मराठीत विचारणार आणि सना इंग्रजीत उत्तर देणार, असा त्यांचा संसार. माझ्या ड्युट्या विचित्र असायच्या, तेव्हा माझी लेक त्यांच्याकडेच जेवायची. भाभींच्या हातची कोळंबीची खिचडी ती अजून मागते.

आमच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी भाभींचा धाकटा भाऊ रफीक आला. गावाकडे बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, इथे तबूकबाहेरच्या एका मोठ्या शेतावर पंपांच्या देखभालीला लागला. शेतावरच कामगारांच्या खोल्यांच्या दोन जुन्या ओळी होत्या, ठोकळ्यांच्या भिंती, वर पत्रा. शुक्रवारी तो बहिणीकडे यायचा, भरपूर जेवायचा, सनाला पत्त्यांत मुद्दाम हरायचा आणि हसत सांगायचा, "आपा, रात्री आमच्या खोलीत तोंडातून वाफ निघते. फुकटचं महाबळेश्वर." भाभींनी त्याला दोन रजया शिवून दिल्या होत्या.

जानेवारीतल्या एका सकाळी मी इमर्जन्सीत ड्युटीवर होते. शेतावरची गाडी आली. दोन माणसं. एक अर्धवट शुद्धीत होता, दुसरा गेलेला होता. अंगावर कुठे खरचटलेलंसुद्धा नव्हतं, गाल तेवढे गुलाबी. झोपलाय असं वाटावं. त्याच्या अंगाभोवती गुंडाळलेली रजई मी ओळखली, तिच्यावरचं कापड माझ्याच लेकीच्या जुन्या फ्रॉकचं होतं… सोबत आलेल्या माणसानं सांगितलं की खोलीत कोळशाची शेगडी होती आणि दाराखालच्या फटीत त्यांनी पोतं कोंबलं होतं. भाभींना फोन मीच केला. त्या आल्या, रफीकच्या केसांतून हात फिरवला आणि मला विचारलं, "थंडीनं मेला?" मी म्हटलं, "नाही भाभी. कोळशाचा वायू. त्याला वास नसतो, झोपेतच माणसाला नेतो." त्याचं दफन तबूकलाच झालं. गावी आईला फोन करायला इक्बालभाईंचा धीर होईना, तेव्हा भाभींनीच केला. दार लावून, एकटीनं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता.

रफीकचा चाळिसावा दिवस होऊन गेल्यावर एका संध्याकाळी त्या आमच्याकडे खाली आल्या. सुहास नुकताच कामावरून आला होता. त्याच्यासमोर बसून त्यांनी सरळ विचारलं, "भाऊ, त्यानं शेगडी का पेटवली?"

सुहास गडबडला. "थंडी होती ना भाभी…"

"दार बंद, खिडकी बंद, फटीत पोतं. मग थंडी येत होती कुठून?"

सुहास म्हणाला, "भिंतीतून. भाभी, आतली ऊब ही भिंत बाहेर पळवून नेते. हवा कोंडली तरी ऊब कोंडली जात नाही."

"मग भिंतीचं काहीतरी केलं पाहिजे," भाभी म्हणाल्या आणि उठून गेल्या. मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. पण त्यांनी धागा पकडला होता.

आधी त्या घराघरांतून फिरल्या. कोकणातली घरं, मग उत्तर प्रदेशातली, मग केरळची. शेगडी आत घेऊ नका, म्हणून हात जोडून सांगायच्या. लोक रफीकसाठी हळहळायचे, मान डोलवायचे आणि थंडी वाढली की शेगडी आत घ्यायचे. एका बाईनं तर तोंडावर विचारलं, "मग पोरांना गारठवून मारू का भाभी?" त्या दिवशी घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "तिचं काय चुकलं, सांग. शेगडी काढून घ्यायची तर बदल्यात ऊब द्यायला नको?"

पहिला प्रयोग स्वतःच्या खोलीत केला. उत्तरेकडच्या भिंतीवर आतून थर्माकोलचे जाड तक्ते चिकटवले, वर फुलाफुलांचा कागद. सुहास म्हणाला होता की आतून लावताना धोका असतो, पण बाहेरून करायला घरमालकिणीची परवानगी लागणार होती आणि भाभींना वाट बघणं जमत नव्हतं. सुरुवातीला खोली खरंच उबदार झाली. आम्ही सगळे तिथे जाऊन बसायचो. मग फेब्रुवारी संपता संपता सना नाक मुरडून म्हणाली, "अम्मी, इट्स स्मेलिंग." तिला खोकलाही लागला होता. भाभींनी एका कोपऱ्यातून कागद फाडला. मागे भिंत घामेजलेली, आणि तक्त्यांच्या पाठीवर काळ्या बुरशीचे नकाशे. त्यांनी त्याच दुपारी, तोंडाला ओढणी बांधून, सगळं उचकटून काढलं. मी मदतीला गेले तर माझ्या हातात नुसता झाडू दिला. सुहासनं भिंतीला हात लावून समजावलं की आतून झाकल्यामुळे भिंतीला आतली ऊब मिळेनाशी झाली, ती आणखी गार पडली, आणि आपल्या श्वासाची, स्वयंपाकाची वाफ फटींतून मागे जाऊन तिथे पाणी होऊन बसली. भाभी ऐकत होत्या. केसांत थर्माकोलचे दाणे अडकलेले. "म्हणजे भिंतीलाच थंडी वाजतेय," त्या म्हणाल्या. "आपण कोट कातडीच्या आतून घातला. बाहेरून घालायला हवा."

घरमालकीण उम्म सालेह शेजारच्याच घरात राहायच्या. सत्तरीच्या, विधवा, करारी. भाभींचं अरबी मोडकंतोडकं, पण अडायच्या नाहीत. पहिल्यांदा मीही सोबत गेले. उम्म सालेहनी खजूर आणि गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, पुढे केली, सगळं ऐकून घेतलं आणि हसल्या. "घराला कोट? या बिंती, अगं मुली, हे घर माझ्या नवऱ्यानं बांधलंय. इतक्या वर्षांत पडलं नाही. आणि तुम्ही भाडेकरू, उद्या निघून जाल."

"आम्ही जाऊ," भाभी म्हणाल्या, "भिंत इथेच राहील."

"खलास, नको म्हटलं ना."

भाभी पुन्हा गेल्या. कधी खिचडी घेऊन, कधी उम्म सालेहच्या नातीचा झगा शिवून. भिंतीचा विषय प्रत्येक वेळी काढायच्या, आणि प्रत्येक वेळी नकार घेऊन यायच्या. शेवटी एकदा गेल्या तेव्हा म्हाताऱ्या बाई बंद खोलीत शेगडीपाशी बसल्या होत्या. भाभींनी आधी जाऊन खिडकी उघडली. उम्म सालेह चिडल्या. मग भाभी त्यांच्यासमोर बसल्या आणि त्यांनी रफीकची सगळी हकिगत सांगितली. तोवर त्यांनी ती तिथे सांगितली नव्हती. मला नंतर म्हणाल्या, "भावाच्या मरणावर परवानगी मागायची मला लाज वाटत होती. पण तिच्या डोळ्यांपुढे ती शेगडी बघितली आणि वाटलं, लाज कसली?" उम्म सालेहनी "अल्लाह यरहमुह", अल्ला त्याच्यावर दया करो, असं म्हटलं, भाभींचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मागची भिंत कर. फक्त मागची. रस्त्यावरून दिसता कामा नये."

त्या शरद ऋतूत मागच्या बाजूला परांची उभी राहिली. अबू निदाल नावाचा एक सीरियन मिस्त्री होता, त्याच्या देशात त्यानं हे काम केलेलं. आधी जुना पोकळ गिलावा खरवडून काढला. ओलीचं मूळ, म्हणजे गच्चीवरचा गळका पाइप, बदलला. मग भिंतीवर तक्ते चिकटवले, छत्रीसारख्या डोक्याच्या प्लास्टिकच्या खिळ्यांनी ठोकून बसवले, वर जाळी, वर गिलाव्याचे थर. तिथे या सगळ्या कामाला अझल म्हणतात. आठवड्याभरात आमच्या गल्लीतली पोरंसुद्धा भाभींना 'अझलवाल्या आंटी' म्हणायला लागली. काम अर्ध्यावर आलं आणि पालिकेचा माणूस येऊन उभा राहिला. थर्माकोल पेट घेतो, स्वयंपाकघराची चिमणी इथेच आहे, काम बंद. इक्बालभाई म्हणाले, "झालं, आता सोड." भाभी म्हणाल्या, "तो बरोबर बोलतोय." मला आठवतं, मी चकित झाले होते. त्यांनी त्याच माणसाला विचारलं, मग काय लावू? खिडक्यांभोवती, चिमणीपाशी आणि दोन मजल्यांच्या मधोमध न जळणारी, दगडापासून केलेली लोकर लावायची, असं ठरलं. सुहासनं चांगला माल शोधून दिला. लावलेले तक्ते पुन्हा काढताना अबू निदाल अरबीत खूप काही पुटपुटला. भाभी खालून ओरडत होत्या, "यल्ला अबू निदाल, यल्ला, थंडी येतेय!"

ती थंडी आली आणि आमच्या मागच्या खोल्यांत हिटर थोडा वेळ लावला तरी पुरायला लागला. कपाटामागची भिंत कोरडी राहिली. सनाचा खोकला गेला. एका कोपऱ्यात तेवढा घाम धरायचा. भाभींनी बाहेर जाऊन तपासलं तर बाल्कनीचा खांब उघडा राहिलेला. "याला पण थंडी वाजतेय," म्हणाल्या आणि अबू निदालला पुन्हा बोलावलं. फेब्रुवारीत उम्म सालेह स्वतः जिना चढून वर आल्या. भाभींच्या मागच्या खोलीत गालिच्यावर बसल्या, पाठ भिंतीला टेकवली. बराच वेळ बसून राहिल्या. निघताना दारात थांबून म्हणाल्या, "रस्त्याकडची पण कर. माझ्या घराची पण. आणि रंग माझ्या आवडीचा."

त्यानंतर किती घरं झाली, ते त्यांनी मोजलं नाही, मीही मोजणार नाही. भाभी स्वतः मिस्त्री झाल्या नाहीत आणि ठेकेदारही नाहीत. त्या मालकाला गाठायच्या, भाडेकरूला धीर द्यायच्या, अबू निदालला कामाला लावायच्या आणि भिंत पुरी होईपर्यंत पाठ सोडायच्या नाहीत. दरम्यान सुहासला रियाधला नोकरी मिळाली, आम्ही तिकडे गेलो. फोन चालू राहिले. पण ज्या भिंतींसाठी हे सगळं सुरू झालं, त्या शेतावरच्या खोल्या मात्र तशाच होत्या. तिथला जुना व्यवस्थापक दर शरदात भाभींना दारातूनच परत पाठवायचा. "दोन महिन्यांची तर थंडी आहे, बाई." भाभी म्हणायच्या, "माझ्या भावाला एक रात्र पुरली." आणि पुढच्या वर्षी पुन्हा जायच्या.

उन्हाळ्यात आजार कळला. मुंबईला उपचार झाले, डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. सगळ्यांना वाटलं, आता त्या गावीच राहतील. त्या तबूकला परत आल्या. मी ऑक्टोबरात भेटायला गेले तेव्हा त्या इतक्या बारीक झाल्या होत्या की मिठी मारताना मला भीती वाटली. म्हटलं, "भाभी, आईजवळ राहायचं होतं ना." त्या म्हणाल्या, "आईनंच पाठवला. शेतावर नवीन मॅनेजर आलाय. आईला सांगितला तर म्हणाली, मग तू इथे काय करतंस?" दुसऱ्याच दिवशी आम्ही शेतावर गेलो. इक्बालभाई गाडी चालवत होते. भाभी मागच्या सीटवर उशीला टेकून. त्यांना उतरवेना, म्हणून तो नवा व्यवस्थापक, इजिप्तचा एक मध्यमवयीन इंजिनियर, गाडीच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. भाभींनी फार काही सांगितलं नाही. बोट दाखवून म्हणाल्या, "ती तिसरी खोली. तिथे माझा भाऊ गेला. मला जास्त वेळ नाही. तुम्ही हो म्हणा, सामान उद्या येईल."

त्यानं खोल्यांकडे बघितलं, भाभींकडे बघितलं. "एक ओळ," तो म्हणाला. "या हिवाळ्यात एक ओळ करू. पुढची बघू."

"थंडी पडायच्या आत गिलावा सुकला पाहिजे," भाभी म्हणाल्या. आभार वगैरे काही नाही. परतताना गाडीत त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपल्या. थोड्या वेळानं मला म्हणाल्या, "माधवी, प्रत्येक खोलीला वर एक झरोका ठेवायला सांगायचा. ऊब कोंडायची, माणूस नाय कोंडायचा." आमची ती शेवटची भेट. काम चालू झालं, त्या अंथरुणातून फोनवर सगळं बघत राहिल्या, आणि शेवटचा थर बाकी असताना गेल्या. रफीक आहे त्याच कब्रस्तानात त्यांना ठेवलं.

जानेवारीत मी आणि सुहास तबूकला गेलो. सना हैदराबादहून, तिच्या कॉलेजातून आली होती. आता ती बापाशी मराठीत बोलते. इक्बालभाई म्हणाले, "चला, खोल्या बघून येऊ." सकाळची वेळ होती, शेतावर गवतावर दंव गोठून पांढरं झालेलं. खोल्यांच्या ओळीला फिकट पिवळा रंग, कोपरे सुबक. तिसऱ्या खोलीत इम्तियाज नावाचा गोरखपूरकडचा एक कामगार राहतो. त्याला रफीक कोण ते ठाऊक नव्हतं आणि इक्बालभाईंनी सांगितलंही नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "ठंड लगती है?" तो हसला. "अरे भाईजान, रात को रजाई फेंकनी पड़ती है."

इक्बालभाईंनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. सना पुढे होऊन त्यांना धरणार, एवढ्यात ते ताठ झाले. त्यांची नजर वर गेली होती. झरोक्यात कुणीतरी चिंधी कोंबली होती. त्यांनी स्टूल ओढलं, चढले, चिंधी उपसून काढली आणि जन्मात कधी ऐकला नव्हता अशा मोठ्या आवाजात इम्तियाजला म्हणाले, "ये बंद नहीं करना. कभी नहीं. समझे?" मग एक खोली सोडली नाही. आम्ही चौघं दार ठोठावत, झरोके तपासत ओळीच्या टोकापर्यंत गेलो.

टोकाला मागची दुसरी ओळ दिसते. तिच्या भिंती अजून उघड्याच, खाली दारांशी राखेनं भरलेल्या शेगड्या. व्यवस्थापक आमच्यामागून आला होता. ते काम पुढच्या वर्षी बघू, असं तो म्हणायला लागला. इक्बालभाईंनी त्याला थांबवलं. गिलावा मार्चनंतर करू, पण जुना थर आत्ता खरवडून ठेवता येईल, म्हणाले. तो काही तरी सबब शोधत होता. सनानं तिच्या शाळेतल्या अरबीत विचारलं, "या रूममध्ये आज रात्री किती लोक झोपणार आहेत?" त्यानं उघड्या भिंतींकडे बघितलं आणि होकाराची मान हलवली.

आमची परतीची तिकिटं शनिवारची होती. सुहासनं ती पुढे ढकलली. रविवारी सकाळी अबू निदाल आपली माणसं घेऊन आला, आणि दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या खोलीची भिंत खरवडायला घेतली.